थोल म्हणजे काय

"म्हणजे माझी व्युत्पत्ती चुकली?"

"व्युत्पत्ती बरोबर आहे," एल्स्पेथबाई म्हणाल्या. "शब्द अजून कळलेला नाही तुला."

मकरंद धारपने चष्मा सावरला.

एल्स्पेथबाई स्कॉटलंडच्या किनाऱ्यावर, कोळ्यांच्या एका गावात राहत. जुन्या स्कॉट्स बोलीत त्यांचं आयुष्य मुरलेलं. शिष्य सहसा घेत नसत. मकरंद मूळचा साताऱ्याचा, शिकायला त्या देशी आलेला. बाईंनी आपल्याला पदरात घ्यावं म्हणून तो दुपारच्या बसने आला होता, आणि 'थोल' हा त्यांच्याच बोलीतला शब्द त्याने नजराण्यासारखा पुढे ठेवला होता.

"थोल म्हणजे सोसणं," त्याने पुन्हा सुरुवात केली. "पण मुळात उचलून धरणं, पेलणं. संस्कृतातला 'तुल्' त्याच कुळातला. आमचा तोल, आमचं तोलणं... तुमचा थोल आमचा चुलतभाऊ निघाला, बाई!"

"छान! नातलग भेटला." बाई हसल्या. "पेलून पाहिलायस का कधी?"

"काय? शब्द?"

तेवढ्यात दार वाजलं. शेजारीण, आयला, दारात उभी. डोळे तारवटलेले, कडेवर रडून लालबुंद झालेली लेक.

"दात येताहेत हिला. रात्रभर डोळ्याला डोळा नाही, बाई. घटकाभर घेता?"

बाईंनी पोर घेतली, आयलाला झोपायला पिटाळलं, आणि पोर तशीच मकरंदच्या हातात दिली.

"अहो, मला नाही येत हे!"

बाई चहा टाकायला आत गेल्या होत्या.

पोरीने भोकाड पसरलं. मकरंद उठला, येरझाऱ्या घालू लागला. तिने त्याचा चष्मा ओढला, कॉलर चावली. त्याने तिला 'तुल्'ची रूपं म्हणून दाखवली. ती दुप्पट जोराने रडली.

दंड भरून आले. ठेवावी खाली आणि निघावं, असं त्याच्या मनात आलं...

नाही ठेवली.

हळूहळू रडण्याचे हुंदके झाले, हुंदक्यांची उचकी झाली. घामेजलं डोकं त्याच्या खांद्यावर टेकलं. खांदा लाळेने भिजला.

बाहेर बसचा हॉर्न वाजला.

"जा," बाई दारातून हलकेच म्हणाल्या. "परतीची शेवटची आहे."

मकरंद जागचा हलला नाही. त्याने फक्त पोरीच्या कानावर तळवा धरला.

बस गेली.

बाईंनी चहाचा कप पुढे केला. त्याने मान हलवली. कप धरायला हात कुठे होता? अवघडलेल्या मानेने तो एकटाच हसत होता.

"बाई," तो कुजबुजला, "उद्यापासून शिकवाल?"

बाईंनी त्याच्या चहाचा एक घोट स्वतःच घेतला...

"ही गरीब आहे रे. उद्या हिचा जुळा भाऊ येईल."