ठकूचं वळण

घाटाला गाडीरस्ता नव्हता, माणसांच्या पायांनीच वाट पडली होती, त्या काळची ही गोष्ट. घाटाखालच्या गावात ठकू नावाची मीठवाली राहायची. सकाळी डोईवर मिठाची पाटी घेऊन घाट चढायची, माथ्यावरच्या वस्त्यांत मीठ घालायची आणि उन्हं कलता परतायची. घरी तान्हा लेक, सासूपाशी.

पाय वर चालायचे आणि जीव खाली ओढ घ्यायचा. दरीत कुठं वासरू हंबरलं तरी तिची चोळी भिजायची, असं म्हणतात.

पण गावाची रीत होती. चालून घामेजलेल्या बाईचं दूध नासतं, बाळाला बाधतं, असं सगळ्यांच्या मनात बसलेलं. ठकू धापा टाकत दारात आली की सासू म्हणायची, "आधी पायरीवर पिळून टाक. घाम वाळू दे, मग घे त्याला." ठकू भरला पान्हा दगडावर सांडायची. आत लेक रडून रडून झोपी जायचा, आणि उठायचा तेव्हा द्यायला काही उरलेलं नसायचं. पोर काडीसारखं झालं. एके दिवशी रडायचंही थांबलं, श्वास तेवढा चालू.

शेजारच्या चिंधाक्काला आळीत कुणाच्या चुलीवर काय शिजतंय ते सगळं ठाऊक असायचं. तिला ती शांतता सोसली नाही. तिनं पोर उचललं आणि घाटाची वाट धरली.

सासू मागं धावली. "अगं, कुठं नेतेस? तिचं दूध तापलेलं असणार."

"काकी, तुमची गाय दिवसभर डोंगर चढते. तिचा पान्हा दगडावर सांडता का?"

सासू मागोमाग चढत राहिली.

अर्ध्या वाटेवरच्या वळणाला ठकू भेटली. पाटी खाली टाकून, घामही न पुसता तिनं लेकाला पदराखाली घेतलं. आधी नुसते ओठ हलले. मग घोट ऐकू आला.

"पी रे बाबा," सासू एवढंच म्हणाली.

पान्हा असा दाटला की कातळावरून ओघळला आणि भर उन्हाळ्यात तिथं गवत हिरवं झालं, असं म्हणतात. तोच लेक पुढं इतका दमदार निघाला की घाट चढताना त्याची सावली मागं राहायची, असंही म्हणतात.

आजही गावातली बाळंतीण हिंडूफिरू लागली की त्या वळणापर्यंत आधी एकटी चढते. बाळ मागून येतं. ओढ लागली पाहिजे ना. घामेजल्या अंगानंच ती त्याला घेते, थेंब सांडू देत नाही. आणि बाळ घेऊन चढायचा मान सासूचा.