खोतांच्या भिंतीवरची गौर

फार फार वर्षं झाली. खाडीपलीकडच्या कातळवाडीत धाकू चितारी राहायचा. चतुर्थी जवळ आली की घरोघरची गणपतीमागची भिंत चुन्यानं पांढरी करायची आणि तिच्यावर धाकूनं ताजं चित्र काढायचं, अशी तिथली रीत. वर्ष सरलं की पुन्हा चुना, पुन्हा चित्र. त्यानं काढलेला मोर बघून खरे मोर परसात उतरायचे, असं म्हणतात. त्याच्या स्वतःच्या घरात मात्र एक चित्र नव्हतं. कुडाची, शेणानं सारवलेली भिंत ती. तिच्यावर रंग धरायचाच नाही.

त्याची एकुलती लेक द्वारकी. तिला जन्म देऊन आई गेली. आई दिसायला कशी होती, एवढंच तिला हवं होतं. शंभरदा विचारलं असेल तिनं. पण धाकू मुलखाचा घुमा. हातातलं काम न सोडता म्हणायचा, "खोतांकडं जा. गौरीच्या पाया पडून ये."

पोरीला वाटायचं, बाप आपल्याला वाटेला लावतोय. ती रागारागानं जायची, खाली मान घालून वाकायची आणि प्रसाद तोंडात टाकून परतायची. लग्न झाल्यावरही दर चतुर्थीला माहेरी येऊन तेच. डोळे वर करून कधी बघितलंच नाही बाईनं.

मग एका श्रावणात धाकू गेला. बाराव्याला म्हातारी काशी सुईण द्वारकीजवळ बसली आणि सहज बोलून गेली, "खोतांकडची गौर बघलंस ना गो? हुबेहूब तुझी आवस. दरसाल तोच चेहरा काढी तो, तुझ्यासाठी."

द्वारकी तशीच धावत खोतांकडं गेली. भिंत पांढरीफटक. चुना अजून ओला होता आणि दुसऱ्या गावच्या चिताऱ्याला सांगावाही गेला होता. तिनं पदर पसरला. "एवढा चुना खरवडू द्या. एकदाच बघते."

"सणाच्या तोंडावर भिंत विद्रूप करू?" खोतीण म्हणाली. "इतकी वर्षं बघितलीस की."

द्वारकीनं ओल्या चुन्यावर तळवा टेकला आणि रडली. स्वतःचा राग आला, बापाचा त्याहून आला. एक शब्द जास्त बोलला असता तर त्याचं काय जाणार होतं?

त्या तळव्याच्या जागी पुढं रंग म्हणून धरला नाही, असं म्हणतात. सकाळी लावलेला चुना दुपारी गळायचा. खाली गौर निघेल म्हणून द्वारकी मरेपर्यंत दरसाल येऊन बघायची. निघायची नुसती लाल माती.

कातळवाडीत आजही गणपतीमागं हाताएवढी भिंत कोरी ठेवतात. धाकूची जागा म्हणतात तिला. आई लेकीला तिथं नेते, हनुवटी धरून तिची मान वर करते आणि म्हणते, "आधी माझ्याकडं बघ." पाया नंतर पडायचं. खोतांच्या घरचेही हे करतात, मोठ्या भक्तीनं करतात. तेव्हा मात्र त्यांनी द्वारकीला तेवढीशी भिंत खरवडू दिली नाही.