कावळा शिवेना

नगरपालिकेच्या विहिरीवरचा जुनाट पंप पुन्हा बंद पडला, आणि पाणी शेंदताना अनसूयाबाई विहिरीत पडून गेल्या. दहाव्याला सारी आळी घाटावर जमली, पण पिंडाला कावळा शिवेना. सून मंदाकिनीचे डोळे फांदीवरच्या त्या कावळ्यावर खिळले होते.

सांत्वनाला आलेले नगराध्यक्ष हात जोडून पुढे सरसावले.

“अनसूयाबाई, तुमची इच्छा कळली. शहरातल्या सगळ्या विहिरींवरचे जुने पंप बदलतो. हा माझा शब्द!”

कावळा जागचा हलला नाही.

“आता आणखी कसली इच्छा उरलीय?” नगराध्यक्ष वैतागले.

मंदाकिनीनं पदरानं डोळे पुसले.

“इच्छा तीच आहे, साहेब. पण हा शब्द सासूबाई दर निवडणुकीला ऐकत आल्या. जिवंतपणी फसल्या, आता मेल्यावरही फसायचं का त्यांनी?”