झाकणाच्या आतली खूण

वामन शंकर नाडगौडा, वय वर्षे त्र्याहत्तर, व्यवसाय घड्याळजी, यांनी दोन घड्याळे दाऊद उस्तादांसमोरच्या चटईवर जवळजवळ आपटलीच.

"सांगा, उस्ताद. या दोहोंत खरे घड्याळ कोणते?"

उस्तादांनी नव्वदी गाठली होती. डोळे कधीचेच गेले होते. मिरजेतील एका जुन्या दर्ग्याच्या ओवरीत ते दिवसभर बसून असत. वामनराव हा धंदा त्यांच्याच हाताखाली शिकले होते.

"आधी पाणी पी."

"पाणी नको. निवाडा हवा."

"कोणाविरुद्ध?"

"माझ्या मुलीविरुद्ध!"

अरुंधती बारा वर्षे मालवाहू जहाजांवर अभियंता होती. आता नोकरी सोडून ती घरी आली होती आणि वडिलांच्या दुरुस्तीच्या मेजाशी बसण्याची परवानगी मागत होती. सायंकाळपर्यंत होकार मिळाला नाही, तर ती कायमची जहाजावर परत जाणार होती.

"हे तिचे," वामनरावांनी जाडजूड काळे घड्याळ उस्तादांच्या हाती कोंबले. "सेलवर चालते. तीस शहरांच्या वेळा दाखवते. महिन्याकाठी सेकंदाचीही चूक नाही, म्हणे! आणि हे माझे. सोनेरी, पातळ, सतरा ज्वेलचे. समारंभात शोभावे असे. मी शिकून बाहेर पडलो, तेव्हा आपणच दुरुस्त करून मला दिलेले. रोज सकाळी किल्ली देतो, तेव्हा चालते."

"रोज किती मागे पडते?"

"वीस सेकंद... पण प्रश्न तो नाही!"

"घड्याळाला दुसरा कोणता प्रश्न विचारतात, बाबा?"

वामनरावांचे कान तापले.

"ते खेळणे आहे, उस्ताद! सेल संपला की मेले. त्यात दुरुस्त करण्यासारखे आहेच काय? असले मनगटावर बांधणारा हात माझ्या मेजाला लागणार नाही. मुलीचा असला तरी नाही."

"उघडून पाहिलेस?"

"मी? त्याला... मी हत्यार लावणार?"

"दोन्ही उघड."

वामनरावांनी झोळीतून चाकू काढला आणि दात आवळून सोनेरी घड्याळाचे झाकण उचकटले. काळ्या घड्याळाचे झाकण आट्यांचे होते. त्यावर रबरी चेंडू दाबून त्यांनी ते एका हिसक्यात फिरवले.

"झाकणे दे."

उस्तादांच्या हाताखाली शिकलेल्या घड्याळजींची एक रीत होती. घड्याळ उघडून काम केले की झाकणाच्या आतल्या बाजूस सुईने खूण कोरावयाची. वर गुरूची, तिच्याखाली आपली.

उस्तादांनी सोनेरी झाकणावर आतून नख फिरवले. एकदा... पुन्हा एकदा.

"गुळगुळीत लागते."

"पॉलिश केले मी. कारखान्यातून आल्यासारखे दिसावे म्हणून."

"माझी चंद्रकोर होती इथे."

"जुने ओरखडे होते, उस्ताद..."

उस्तादांनी ते झाकण मांडीवर ठेवले.

त्यांनी दुसरे झाकण घेतले. नख मध्येच अडकले. किंचित खाली सरकले आणि पुन्हा अडकले.

"चंद्रकोर," ते म्हणाले. "तिच्याखाली फुली. फुली तुझीच ना?"

वामनरावांनी झाकण हिसकावून घेतले आणि डोळ्याला भिंग लावले.

"माझीच. पण हे घड्याळ मी जन्मात उघडलेले नाही!"

"फुलीखाली काय आहे?"

"एक बारीक रेघ."

"ती कोणाची?"

वामनरावांचे भिंग डोळ्यावरून खाली आले.

"सेल तिनेच बदलला असणार..."

"रीत तिला शिकवली कोणी?"

"कोणीच नाही. मी तर तिला मेजाजवळ फिरकूही दिले नाही. दुरुस्तीला आलेल्या घड्याळांची झाकणे पाहिली असतील... तेवढेच."

इतका वेळ शांत असलेला उस्तादांचा चेहरा लाल झाला. सोनेरी झाकण त्यांनी वामनरावांच्या अंगावर भिरकावले.

"तुझी लेक माझी शिष्या आहे, वामन. तू कोण?"

दुसऱ्या दिवसापासून दुकानातील मेजाशी अरुंधती बसू लागली. वामनराव गिऱ्हाइकांच्या बाकावर बसतात.