पुतळीच्या पाठीवरचे चिमटे

इचलकरंजीच्या दुर्वा आवटीची दुसऱ्या दिवशी बँकेत मॅनेजरपदासाठी मुलाखत होती आणि अख्ख्या बाजारात तिला एक धड कोट मिळेना. लहान मापाच्या कोटाचं बटण लागत नव्हतं, मोठ्याच्या बाह्या बोटांवर येत होत्या.

शेवटच्या दुकानाचे मालक नेमिनाथशेठ गल्ल्यावरून हललेही नाहीत. चार बायकांदेखत म्हणाले, "कोटात खोट नाही, मॅडम. बांधा लागतो. काचेतली ती पुतळी बघा, हाच कोट कसा चापूनचोपून बसलाय."

"मग तिच्या अंगावरचाच द्या," दुर्वा म्हणाली.

"तो आम्ही काढत नाही," शेठ घाईघाईने म्हणाले.

तोवर दुर्वाने पुतळी फिरवलीसुद्धा. पाठीमागे कोट गोळा करून त्याला कपडे वाळत घालायचे चिमटे लावले होते.

"शेठ, हा तर हिलाही बसत नाही," दुर्वा शांतपणे म्हणाली. "आणि हिला श्वाससुद्धा घ्यावा लागत नाही."

बायका हसल्या. एकीने हातातला कोट परत ठेवला. ते बघून शेठ गल्ला सोडून उठले आणि माडीवरच्या शिंप्याला त्यांनी हाक मारली, "टेप घेऊन खाली ये. मॅडमचं माप घे, कोट सकाळी तयार पाहिजे."

शिंपी खाली उतरेपर्यंत दुर्वाच्या मागे बायकांची रांग लागली होती.