कोंडाईचा दोरा

घाटाला गाडीवाट नव्हती, मीठ बैलाच्या पाठीवरून वर यायचं आणि धारमाचीच्या माणसांना वाटायचं की कड्याखाली जग संपतं, तेव्हाची ही हकीकत. फार वर्षांपूर्वीची. किती, ते विचारू नका. सांगणाऱ्या म्हाताऱ्यांच्या पणज्यांनीही ती आपापल्या पणज्यांकडूनच ऐकली होती.

धारमाची डोंगराच्या खांद्यावर. पाऊस असा कोसळे की मातीतलं सगळं सत्त्व धुऊन खाली जाई. तरी नाचणी पिके, वरई पिके, पोटाला कमी नव्हतं. पण गावात एक नवल होतं. पोरी वयात आल्या की त्यांचे गळे भरायला लागत. आधी बोराएवढी गाठ, मग लिंबाएवढी, आणि चाळिशीच्या बाईची तर हनुवटी कुठे संपली आणि छाती कुठे सुरू झाली ते कळू नये. पुरुषांनाही व्हायचं, पण बायकांना जास्त. दुसऱ्या गावच्या माणसानं याला गलगंड म्हटलं असतं. धारमाचीत याला ‘भरला गळा’ म्हणत आणि मिरवत. देवळातली देवी जाड मानेची, तेव्हा गळा म्हणजे तिचाच वर, असं सगळ्यांचं म्हणणं. एखादी सडपातळ मानेची पोर दिसली की बायका हळहळायच्या, ‘बगळ्याची मान घेऊन आली बिचारी, हिला कोण करणार.’

देवीचा आणखी एक नेम होता. मासळीचा वास तिला चालत नाही, असं म्हणतात. म्हणून सुकट-बोंबील विकायला घाट चढून आलेल्या कोळणींना गुरव वेशीच्या धोंड्यापासूनच परतवून लावायचा. हा नेम कुणी घातला, कधी घातला, गुरवालाही ठाऊक नव्हतं. पण ज्याचं कारण ठाऊक नाही तो नेम मोडायला माणूस जास्तच भितो.

या गावात कोंडाई सुईण होती. तिचा हात पोटावर पडला की आडवं मूल आपणहून सरळ व्हायचं, असं म्हणतात. हळदीच्या दिवशी नवऱ्या मुलीच्या गळ्यात काळा दोरा बांधायचा मानही तिचाच. दोरा गळ्याभोवती फिरवायचा, नेमका बसेल असा कापायचा आणि गाठ मारायची. ती गाठ अशी की कोंडाईशिवाय कुणाला सुटू नये. गावातल्या प्रत्येक बाईच्या गळ्याचं माप तिच्या बोटांत होतं.

अशी ही कोंडाई, आणि घरात मात्र दिव्याखाली अंधार. तिचा एकुलता लेक म्हादू, त्याची बायको राही. राही आली तेव्हा पहाटेच्या जात्यावर गायची तर शेजारीण आपलं दळण थांबवून ऐकत बसे. चार वर्षांत त्या राहीचं काही उरलं नाही. आवाज घोगरा झाला, तोंडावर सूज आली, पापण्या जड झाल्या. भर चैत्रात ती घोंगडं पांघरून चुलीपाशी बसे. फणी फिरवली की केसांचा पुंजका हातात येई. महिन्याची पाळी कशीही फिरे, दोन-दोन महिने पत्ता नाही, आणि आली की आठ-आठ दिवस थांबायची नाही. तीनदा दिवस गेले, तिन्ही वेळा वाया. दूध उतू गेलं तरी तिला कळत नसे, दळता दळता जात्याच्या खुंट्यावर डोकं टेकून ती झोपी जाई.

आणि कोंडाई तिला बोलायची. हे लपवून काय उपयोग. परक्या बायकांचे पाय धरून त्यांची बाळंतपणं करणारी ही बाई सुनेला मात्र येता-जाता टोचायची, “कामाला हात जड, अन् झोपंला डोळं कायम तयार.” भैरू गुरवानं आपली पुतणी सगुणा म्हादूसाठी सुचवली तेव्हा कोंडाईनं फार आढेवेढे घेतले नाहीत. होळी झाली की राहीला माहेरी पोचवायचं आणि म्हादूला दुसरी करायची, असा तिनं शब्दच देऊन टाकला. म्हादू खाली मान घालून बसला. राहीनं सगळं ऐकलं, आणि ती रडलीसुद्धा नाही. रडायलाही अंगात त्राण लागतं.

पण त्या वर्षी दसऱ्याला तुळसा माहेरी आली. ही गावातलीच पोर, पाच वर्षांपूर्वी खाली समुद्रकाठी दिलेली, दुसऱ्या बाळंतपणाला आली होती. तिला पाहून तिच्या आईनं उंबऱ्यातच गळा काढला. “सासरच्यांनी माझ्या लेकीचा गळा सुकवला गं. खायाला घालत न्हाईत मेले.” आळी गोळा झाली. सगळ्यांनी तुळसाची मान पाहिली आणि तिच्या सासूच्या सात पिढ्यांचा उद्धार केला. तुळसा बिचारी सांगत राहिली की मी चांगली जेवते, पण ऐकतो कोण.

चौथ्या दिवशी ती बाळंत झाली. इतकी सहज की कोंडाईला पाणी तापवायलाही उसंत मिळाली नाही. पोर जन्मलं ते टाहो फोडत, मुठी आवळून, टकामका बघत. रीतीप्रमाणे बाळंतिणीचा जुना दोरा काढून नवा बांधायचा, म्हणून कोंडाईनं तिच्या गळ्याशी हात नेला आणि तो तिथेच थांबला. दोरा छातीवर लोंबत होता. गाठ मात्र कोंडाईच्याच हातची.

“दोरा तोडला व्हतास का कधी?”

“न्हाई कोंडाई, तुजी गाठ कुनाला सुटतीया?”

“आन् खातीस काय गं तिकडं?”

“भात आन् मासळी. पावसाळ्यात दर्या बंद असतो, तवा सुकट. आदी वासानं वकारी यायची. आता न्हाई मिळाली तर जेवन जात न्हाई.”

कोंडाई तडक घरी आली. तिला आठवलं, याआधी खाली दिलेल्या तिन्ही पोरींचे दोरे असेच सैल झाले होते. तिघींनाही गावानं उपाशी ठरवलं होतं, आणि तिघींच्याही कडेवर धडधाकट पोरं होती. वर राहिलेल्यांचे दोरे मात्र तिनं दर वेळी वाढवून बांधले होते. समोर राही जात्यावर झोपली होती, मूठ दाण्यांत तशीच. कोंडाईनं तिच्या गळ्याभोवती दोरा धरला. लग्नातल्या मापाचा तो दोरा आता चार बोटं अपुरा पडला. ही पोर आळशी नव्हती, आजारी होती. आपण सुईण असून चार वर्षं तिला बोलत राहिलो, याची कोंडाईला इतकी लाज वाटली की ती त्या दिवशी जेवली नाही.

दुसऱ्या दिवशी तिनं कमरेला दोऱ्याचं रीळ खोचलं आणि ती घाट उतरली. तीन दिवसांची वाट ती साठीची बाई एका दिवसात उतरली, असं म्हणतात. करवंदीच्या जाळ्या तिला वाट देत गेल्या, आणि ती किनाऱ्याला पोचली तेव्हा ओहोटी असूनही समुद्र तिच्या पावलांपर्यंत चालत आला. एवढं खरं की ती कोळीवाड्यात दारोदार फिरली आणि दिसेल त्या बाईच्या गळ्याला दोरा लावत सुटली. कोळणींना वाटलं, म्हातारी घाटावरून खुळी होऊन आली. अख्ख्या वाड्यात तिला एकही भरला गळा सापडला नाही.

सुकट वाळवत बसलेल्या एका कोळणीपुढे तिनं पदर पसरला. “बाये, हे औषध दे मला. माजी सून मरायला टेकलीया.”

कोळीण हसली. “गो आये, यात कसला औषद? आमी रोज खातो ना.” पण म्हातारीचे डोळे पाहून तिनं टोपली काठोकाठ भरून दिली.

टोपली घेऊन कोंडाई वेशीपाशी आली तर भैरू गुरव आडवा उभा. वारा त्याच्याकडेच वाहत होता, मासळीचा वास आधीच पोचला होता.

“मासळी आत येनार न्हाई, कोंडाई.”

“न्हाई आनत.”

“देवीचा नेम हाय.”

“ठावं हाय मला. मासळीनं आत यायचं न्हाई. पर माज्या सुनंनं भाईर यायचं न्हाई, असा तर नेम न्हाई ना?”

कोंडाईनं वेशीच्या धोंड्यापलीकडे तीन दगड मांडले, चूल पेटवली आणि म्हादूला हाक मारली. राहीला चालवत नव्हतं. तेव्हा आयुष्यात आईपुढे कधी वर न पाहिलेल्या म्हादूनं बायकोला पाठुंगळी घेतलं आणि अख्ख्या गावादेखत वेशीबाहेर आणून बसवलं. राहीनं पहिला घास कसाबसा गिळला. “आत्याबाई, हे काय गं,” ती पुटपुटली. कोंडाई म्हणाली, “खा पोरी. चुकी माजी हाय, औषध तुला घ्यावं लागतंया.”

रोज हेच. वेशीबाहेर चूल, नाचणीची भाकरी आणि सुकट. टोपली संपत आली की म्हादू घाट उतरून दुसरी आणायचा. गाव नाकाला पदर लावून जायचं. कोंडाईला वाळीत टाकायचंही ठरलं होतं, पण मग बाळंतपणं कोण करणार, हा प्रश्न निघाला आणि बैठक उठली. गुरव रोज एकदा येऊन विचारी, “देवी कोपली तर?” कोंडाई सांगे, “माज्यावर कोपंल. मी हितंच बसलीया, तिला हुडकावं लागनार न्हाई.”

दर आठ दिवसांनी ती राहीच्या गळ्याला दोरा लावायची. महिनाभर काही फरक नाही. मग अर्धं बोट. मग एक बोट. पौषात राही वेशीपर्यंत आपल्या पायांनी आली. माघात तिनं घोंगडं काढून दांडीवर टाकलं. गळा काही पुरता बसला नाही, पण तोंडावरची सूज उतरली, आणि एके पहाटे शेजारणीचं दळण पुन्हा थांबलं.

मग वेशीबाहेर माणसं वाढू लागली. आधी तुळसाची आई आली, तोंडावर पदर ओढून. मग तिची जाऊ. मग आपली भाकरी फडक्यात बांधून अर्धी आळी. आणि इथेच ते नवल घडलं. एका सकाळी पाहिलं तर वेशीचा धोंडा आपल्या जागेवर नव्हता. तो वीस हात आत सरकला होता, आणि पहिली चार घरं वेशीबाहेर आली होती. बाहेरच्या घरांत मासळी शिजायला हरकत ती कोणती? दर चार दिवसांनी धोंडा सरकत गेला, आणि होळीच्या दिवशी तो थेट देवळाच्या पायरीला जाऊन टेकला. आत राहिली एकटी देवी. जिचा नेम तिच्यापाशी. देवीनंच तो सरकवला, असं म्हणतात. त्या दिवसांत म्हादूच्या तळहातांना फोड आले होते, असंही म्हणतात, पण ते दबक्या आवाजात.

त्याच होळीला दिलेल्या शब्दाची मुदत भरली. गुरव सगुणेला पुढे घालून कोंडाईच्या दारात आला. कोंडाई काही बोलणार, तेवढ्यात पोरगीच म्हणाली, “काका, मला सवत व्हायचं न्हाई. दोन म्हैनं झालं, मी राहीवयनीच्या ताटात जेवतीया.” भैरूनं पुतणीच्या गळ्याकडे पाहिलं. तो बराच उतरला होता. रोज पाहणाऱ्याला कळत नाही म्हणतात ते खरं. तो तसाच खाली बसला, आणि कोंडाईनं त्याच्यापुढे भाकरी आणि सुकट ठेवली.

पुढच्या वर्षी राहीला मुलगी झाली. कोंडाईनं तिला स्वतःच्या हातांत घेतलं, आणि पोरीनं असा टाहो फोडला की देवळातली घंटा आपोआप वाजली, असं म्हणतात.

आता धारमाचीला एसटी जाते. सरकारी दवाखान्यातली डॉक्टरीण सांगते की गळ्यात थायरॉईड नावाची ग्रंथी असते, तिचं हार्मोन कमी पडलं की सगळं शरीर मंदावतं, आणि ते हार्मोन बनवायला लागणारं आयोडीन डोंगराच्या मातीत नव्हतं, मासळीत होतं. आता ते पुडीतल्या मिठातूनच येतं. भरला गळा गावात क्वचितच दिसतो. पण ती हेही बजावते की आयोडीन मिळूनही हार्मोन बिघडू शकतं, आणि गळा न सुजता बिघडू शकतं. म्हणून थकवा उतरत नसेल, पाळी बिघडली असेल तर रक्त तपासा, गोळी लागली तर ती न चुकता घ्या.

गावानं हे मानलं, आणि आपलंही चालू ठेवलं. होळीच्या दुसऱ्या दिवशी जुन्या वेशीवर त्याच तीन दगडांच्या चुलीत सुकट शिजते. लहानथोर, बाईपुरुष, सगळ्यांच्या गळ्याला काळा दोरा लावतात. ज्याला गेल्या वर्षीच्या मापाचा दोरा अपुरा पडेल, आणि दोरा पुरूनही जी बाई ‘लई दमायला होतंया’ म्हणेल, त्यांना घेऊन दुसऱ्या दिवशीची पहिली एसटी दवाखान्याला जाते. आणि एक रीत वर्षभर चालते. धारमाचीत कुणालाही आळशी म्हणायचं असेल, तर आधी त्याच्या गळ्याला दोरा लावावा लागतो.

गेल्या साली एका घरात नवी सून सकाळी उठेना, तेव्हा सासूनं भांडी आपटली आणि तोंड उघडलं. सासऱ्यानं कोनाड्यातलं दोऱ्याचं रीळ काढलं आणि तिच्या हातात दिलं. सासूनं भांडं खाली ठेवलं आणि ती सुनेच्या उशाशी जाऊन बसली.