कोरडी पाठ

“तो झेल तुम्ही मुद्दाम सोडलात. खरं सांगा बुवा.”

गिरीबुवा मठाच्या पायरीवर बसून तळपायातला काटा काढत होते. त्यांनी मान वर केली नाही.

“कुठला झेल?”

“शेवटचा. विटी सरळ तुमच्या ओंजळीत येत होती. शेंबड्या पोरानंही घेतला असता.”

“हं…”

“हं काय? मी बाद होतो. तुम्ही मला खेळू दिलंत. मला कुणाची मेहरबानी नको.”

विचारणारे निळकंठराव शेंडगे. निवृत्त तहसीलदार, वय अडुसष्ट, आवाज अजून कचेरीतलाच. ऐकणारे गिरीबुवा, आमच्या नदीकाठच्या मठाचे गोसावी, वय ब्याऐंशी. गावातल्या चार म्हाताऱ्यांना गोळा करून बुवा रोज सकाळी मठासमोर विटीदांडू खेळतात. पोथी नंतर, विटी आधी. गावातले काहीजण नावं ठेवतात. ठेवोत बापडे. जिना चढताना कोण धापा टाकतं आणि कोण टाकत नाही, ते आम्हाला दिसतं.

निळकंठराव मात्र तिथं हौसेनं आलेले नव्हते.

दोन वर्षांपूर्वी त्यांच्या पत्नीला, प्रमिलाबाईंना, अर्धांगवायूचा झटका आला. उजवी बाजू गेली. सकाळी दोन तास एक बाई येऊन त्यांचं आवरते. बाकीचा दिवस निळकंठराव. पलंगावरून खुर्चीत, खुर्चीतून न्हाणीघरात, परत पलंगावर. उचलायचं यांनीच.

महिन्यापूर्वी उचलताना यांचे पाय लटपटले. दोघंही फरशीवर. शेजारी येईपर्यंत अर्धा तास तसेच पडून होते. प्रमिलाबाईंना हसू आलं. यांना रडू.

डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलं, पायांत ताकद आणा, नाहीतर पुढच्या वेळी तुम्हालाच उचलायला माणूस लागेल.

ताकद आणायची म्हणजे काय, हे निळकंठरावांना ठाऊक होतं. गेल्या दोन वर्षांत त्यांनी सगळं करून सोडलेलं होतं. पहाटेचं चालणं सोडलं. योगासनं सोडली. सायकलचं यंत्र आणलं, त्यावर आता टॉवेल वाळतात. हास्यक्लबात गेले, तिथं तीन दिवस रागावून उभे राहिले आणि चौथ्या दिवशी गेलेच नाहीत.

म्हणून मग मठात आले. बुवांसमोर मांडी घालून म्हणाले, “मला पडून चालणार नाही. मी पडलो तर तिला कुणी नाही. काय करायचं ते सांगा, कितीही अवघड असो, मी करीन.”

बुवांनी विचारलं, “विटीदांडू येतो?”

निळकंठरावांना तो अपमान वाटला. पण शब्द दिलेला होता.

आणि येतो म्हणजे काय, फारच चांगला येत होता. लहानपणी त्यांचा टोला पंचक्रोशीत गाजलेला. हात विसरला नव्हता. पहिल्याच दिवशी दांडू हातात आला तो शेवटपर्यंत सुटला नाही. दुसऱ्या दिवशी तेच. बाकीचे विटीमागे पळत, हे विटी ठेवायच्या खळग्यापाशी उभे.

तो झेल सुटला त्या सकाळी बारा दिवस झाले होते.

बुवांनी काटा काढला, बोटावर धरून बघितला, फेकून दिला.

“रावसाहेब, इकडं या.”

निळकंठराव जवळ गेले. बुवांनी त्यांचा हात धरला आणि मागे नेऊन स्वतःच्या पाठीवर ठेवला.

कफनी ओलीचिंब होती. पिळली असती तर पाणी गळलं असतं.

“आता तुमच्या पाठीवर ठेवा.”

निळकंठरावांनी हात मागे नेला.

सदरा कोरडा. इस्त्रीची घडीसुद्धा मोडली नव्हती.

“…पण मी जिंकलो,” ते म्हणाले.

“जिंकलात की. बाराही दिवस.”

“मग?”

“मग काही नाही.”

नदीवर कुणीतरी धुणं आपटत होतं.

“म्हणजे पळायला मिळावं म्हणून तुम्ही झेल सोडता?”

“छे हो. झेलला असता तर तुमचा डाव संपला असता. मला अजून खेळायचं होतं.”

निळकंठराव उठले. गडी हट्टी. तोडगा सापडल्यासारखे तरातरा चालू लागले. जाता जाता वळून म्हणाले, “उद्यापासून मी दांडूला हात लावणार नाही. फक्त पळणार.”

बुवा ओली कफनी बदलायला आत गेले.

दुसऱ्या दिवशी निळकंठराव खरंच पळायला उभे राहिले.

दात आवळलेले, मुठी वळलेल्या, नजर जमिनीवर. विटी उजवीकडे गेली की हे उजवीकडे, डावीकडे गेली की डावीकडे. दुसऱ्या कुणाच्या पायाशी पडली तरी हे धावत जाऊन स्पर्श करून परत येत. कुणी बोललं तर उत्तर नाही. तासाभरात सदरा भिजला. त्यांनी पाठ चाचपून बघितली आणि पुन्हा पळाले.

दांडू कासम मिस्त्रीच्या हातात होता. मिस्त्री सुतार, विटी आणि दांडू दोन्ही त्याच्याच हातचे, बाभळीचे. त्याला राहवेना.

“सायेब, तुमी खेळताय का शिक्षा भोगताय?”

“तू टोला मार.”

“मारतो. पर तुमचं त्वांड बघून हात उचलंना माजा.”

“मिस्त्री, मार म्हणतो ना!”

मिस्त्रीला राग आला. त्या रागात त्यानं असा काही टोला हाणला की विटी वर गेली ती दिसेनाशीच झाली. सगळे म्हातारे माना वर करून उभे. विटी काही खाली येईना.

झुडपात बघितलं. पारावर बघितलं. नांगरटीत दोघंजण गुडघ्यावर बसून ढेकळं उलथीपालथी करू लागले. मिस्त्री म्हणाला, “देवानं झेलली जनू.”

मठाच्या भिंतीलगत दोरीवर बुवांच्या कफन्या वाळत होत्या. निळकंठरावांना वाटलं, एका कफनीच्या बाहीला फुगवटा आलाय. ते गेले, बाही उलटी धरून झटकली.

टप्पकन विटी पायावर पडली.

आणि निळकंठराव हसले. तोंडातल्या तोंडात नाही, पोट धरून, वाकून, डोळ्यांत पाणी येईपर्यंत. “बुवांच्या बाहीत! बुवांच्या बाहीत लपली होती!” असं म्हणत विटी उंच नाचवत ते मैदानभर पळाले. पळत पळतच लांबून विटी फेकली, ती खळग्यावर आडव्या ठेवलेल्या दांडूला खट्टकन लागली. मिस्त्री बाद. म्हाताऱ्यांनी आरोळी ठोकली.

मी मठाच्या ओट्यावरून बघत होतो. दोन वर्षांत हा माणूस हसलेला मी बघितला नव्हता. मला फार बरं वाटलं.

मग एकाएकी ते हसू तुटलं.

निळकंठराव मधोमध उभे राहिले. चेहरा पडला. त्यांनी खिशातून रुमाल काढला, घाम पुसला आणि चपला शोधू लागले.

बुवा त्यांच्यापाशी आले.

“काय झालं?”

“काही नाही. निघतो.”

“अजून वेळ आहे. बाई आहे घरात.”

“वेळेचं नाही…”

“मग?”

निळकंठराव खाली बघत राहिले. शेवटी बोलले, ते कचेरीतल्या आवाजात नव्हतं.

“बुवा, ती तिकडं छताकडं बघत पडलीय. आणि मी इथं विटी नाचवतोय.”

निळकंठरावांनी रुमालाची घडी घातली.

“मला ताकद हवी होती, तिच्यासाठी. मजा मागायला मी आलो नव्हतो. मजा करतोय असं वाटलं की घशाखाली घास उतरत नाही. चालणं सोडलं ते त्यामुळंच. एके दिवशी नदीवरची हवा लागली, बरं वाटलं… दुसऱ्या दिवसापासून गेलो नाही.”

“योगासनं?”

“तिथं गप्पा व्हायच्या. छान असायच्या.”

“आणि हास्यक्लब?”

“तिसऱ्या दिवशी हसू फुटायला आलं होतं.”

बुवांनी त्यांना पायरीवर बसवलं. स्वतः शेजारी बसले. मिस्त्री विटीचं टोक तासत होता.

“बाई काय खेळायच्या?” बुवांनी विचारलं.

“कोण?”

“प्रमिलाबाई. चांगल्या होत्या तेव्हा.”

निळकंठरावांना आठवावं लागलं नाही.

“कॅरम. लग्न झालं तेव्हा बदलीच्या गावी दुसरं काही नव्हतंच. रोज संध्याकाळी मांडायचो. राणी घेतली की टाळी वाजवायची.” ते किंचित थांबले. “पुढं मी सराईत झालो. रोज मीच जिंकायला लागलो. मग तिनं सोडलं. बोर्ड माळ्यावर गेला, तो तिथंच आहे.”

“कुठला हात चालतो त्यांचा?”

“डावा. पण थरथरतो.”

“खुर्चीत किती वेळ बसतात?”

“दहा मिनिटं. मग मान कलते. डॉक्टर म्हणतात, बसायची सवय वाढवा. ती म्हणते, बसून काय करू.”

बुवांनी त्यांच्याकडे बघितलं. नुसतंच बघितलं.

निळकंठरावांच्या कपाळावरच्या आठ्या आधी वाढल्या, मग एकेक सुटत गेल्या.

“माळ्यावर चढावं लागेल,” ते स्वतःशीच म्हणाले. “स्टूलवरून. बोर्ड जड आहे… पाय तग धरतील माझे. धरायलाच पाहिजे. आणि बोर्डाखाली खुर्चीच्या उंचीचं काहीतरी लागेल.”

“मी दितो की करून,” मिस्त्री लांबूनच म्हणाला. कान तिखट म्हाताऱ्याचा. “आज दुपारी आनून ठेवतो.”

“दुपारी नको. आत्ता चल.”

निळकंठराव उभे राहिले. चपला घातल्या. दोन पावलं गेले आणि थबकले. पुन्हा तोच जुना तहसीलदार वळून उभा.

“पण बुवा, तिला कळेल.”

“काय कळेल?”

“मी मुद्दाम हरतोय ते. तिला खोटं लगेच कळतं. कळलं की ती सोंगट्या फेकून देईल आणि पुन्हा बसणार नाही.”

“मग मुद्दाम हरू नका.”

“हरलो नाही तर परत तेच! मी जिंकणार आणि ती सोडणार. ती बिचारी डाव्या हातानं खेळणार…”

गिरीबुवांनी दांडू उचलला, खळग्यापाशी जाऊन उभे राहिले आणि मागे न बघता म्हणाले,

“मग? तुम्हाला डावा हात नाही?”